पावट्यातला अवरोधक शोधणाऱ्या कमलाबाई

थंडी पडू लागली की वाईच्या मंडईत पावट्याच्या शेंगा दिसू लागतात. ओल्या दाण्यांची उसळ, आमटी, भात असे सगळे प्रकार त्या दिवसांत होतात. वाळलेला पावटा, वाल आणि घेवडा मात्र वर्षभर डब्यात असतात आणि त्यांचा रिवाज ठरलेला असतो. रात्री भिजत घालायचे, सकाळी ते पाणी ओतून द्यायचे आणि मग दाणा बोटाने सहज दाबला जाईपर्यंत शिजवायचे. कच्चे दाणे पोरांच्या हाती लागू द्यायचे नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या बाईला कारण विचारले तर पोटात दुखते एवढेच उत्तर मिळे आणि ते पुरतही असे.

या रिवाजामागचे एक मोठे कारण 1950 च्या दशकात मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत हाती लागले. ते शोधणाऱ्या बाईंचे नाव डॉ. कमला सोहोनी. रामन यांनी प्रवेश नाकारलेली मुलगी म्हणून त्या आज अनेकांना माहीत आहेत. ती गोष्ट खरीच आहे आणि पुढे ती येईलच. पण पावट्याच्या दाण्यात त्यांना काय सापडले, हे मात्र पावटा खाणाऱ्या आपल्या भागातही फारसे कोणाला ठाऊक नसते.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म 1911 चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. थोरली बहीण दुर्गा. सातारा जिल्ह्याला दुर्गाबाई भागवतांची ओळख करून द्यायला नको. 1975 साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीविरुद्ध घेतलेली भूमिका आजही इथे सांगितली जाते. एकाच घरातल्या या दोघी बहिणी, एक लोकसाहित्यात गेली आणि दुसरी प्रयोगशाळेत. न पटलेल्या गोष्टीपुढे मान तुकवायची नाही, हे मात्र दोघींनी घरातूनच आणले असावे.

1933 मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेऊन गुणवत्ता यादीत पहिल्या आल्या. पुढचे शिक्षण वडील आणि काका शिकले तिथेच घ्यायचे, हे घरात जवळजवळ गृहीतच होते. त्यांनी बंगळूरला अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीन वर्षे झाली होती. त्यांनी अर्ज फेटाळला आणि कारण एकच होते, अर्जदार मुलगी होती.

कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. नाकारण्याचे कारण द्या, नाहीतर इथेच सत्याग्रह करते, अशी त्यांची भूमिका होती. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, गरज पडल्यास रात्रीही, काम करायचे आणि आपल्या असण्याने तिथल्या पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. वर्षभराने काम पाहून रामन यांनी त्यांना नियमित केले. पुढे अण्णा मणी यांच्यासारख्या मुली खुद्द रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा त्यांचे मत काहीसे बदलले असे म्हणता येते. कमलाबाईंच्या मनातला सल मात्र गेला नाही. उतारवयातही त्या या अपमानाबद्दल स्पष्ट बोलत. रामन यांचे मोठेपण त्या मान्य करत आणि त्यांच्या मनाचा कोतेपणाही सांगत.

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्याकडे कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले आणि 1936 मध्ये एम.एस्सी. पूर्ण केली. विषयाची निवड लक्षात घेण्यासारखी आहे. भारतातल्या बहुसंख्य लोकांच्या ताटात मांस रोज नसते आणि दूधही बेताचेच असते. त्यांची प्रथिनांची सारी भिस्त डाळीवर. कमलाबाई या विषयाकडे पुन्हा वळल्या, पण त्याआधी विकरांचे शास्त्र शिकण्यासाठी त्यांना केंब्रिजची वाट धरावी लागली.

विकर म्हणजे एन्झाइम. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली ज्या गावात उभे राहिले, त्या वाईच्या वाचकांना मराठी पारिभाषिक शब्दांचे वावडे नसावे. पण दवाखान्यात सगळे एन्झाइमच म्हणतात, म्हणून दोन्ही शब्द लक्षात ठेवलेले बरे. शरीरातली बहुतेक प्रत्येक रासायनिक क्रिया कुठल्या ना कुठल्या विकराच्या मदतीने चालते. विकर हे बहुधा एक मोठे प्रथिन असते आणि त्याच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट आकाराची खाच असते. ज्या पदार्थावर काम करायचे तो त्या खाचेत बसतो, तुटतो किंवा जोडला जातो आणि बाहेर पडतो. खाच पुन्हा मोकळी होते आणि पुढचा रेणू आत येतो. काही विकरे सेकंदाला हजारो रेणू असे हातावेगळे करतात.

ही खाच अडली की काम थांबते. ती अडवणारा पदार्थ म्हणजे अवरोधक. कमलाबाई 1937 मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या, तेव्हा सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांचा जीवरसायन विभाग विकरांच्या अभ्यासासाठी जगात नावाजलेला होता. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी हॉपकिन्स यांना 1929 चे नोबेल मिळाले होते. अवरोधकाचे जे उदाहरण आज वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकवतात, ते याच विभागात 1928 मध्ये पुढे आले होते. सक्सिनिक आम्लावर काम करणाऱ्या विकराला त्यांनी मॅलोनिक आम्ल देऊन पाहिले. दोन्ही आम्ले दिसायला जवळजवळ सारखी, मॅलोनिकमध्ये एक कार्बन कमी एवढाच फरक. विकर फसते. मॅलोनिक आम्ल खाचेत बसते, पण त्यावर कुठलीच क्रिया होऊ शकत नाही. एसटीतल्या सीटवर कोणी रुमाल टाकून ठेवावा आणि खऱ्या प्रवाशाने उभे राहावे, तसे. गंमत अशी की सक्सिनिक आम्लाचे प्रमाण भरपूर वाढवले तर ते मॅलोनिकला बाजूला सारते आणि काम पुन्हा सुरू होते. याला स्पर्धात्मक अवरोध म्हणतात. कोलेस्टेरॉलसाठी रोज घेतली जाणारी स्टॅटिनची गोळी याच जातीची आहे.

सगळे अवरोधक इतके सौम्य नसतात. काही खाचेत न शिरता विकराच्या दुसऱ्याच भागाला चिकटतात आणि त्याचा आकारच बिघडवतात. तिथे मूळ पदार्थ कितीही वाढवला तरी फारसा उपयोग होत नाही. आणि काही कायमचेच चिकटतात. ॲस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेटमधल्या विकराला असे कायमचे बंद करते, म्हणून त्याची एक गोळी त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे आठवडाभर ते दहा दिवस, पुरते. सातारा-सांगलीच्या कोणत्याही सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेला ठाऊक असलेले, सर्वांत भीषण उदाहरण म्हणजे फवारणीचे ऑर्गनोफॉस्फेट औषध पोटात जाणे. ते मज्जातंतूंच्या टोकांवरच्या कोलिनएस्टरेज या विकराला जखडून टाकते. मग तोंडाला फेस, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या आणि थांबत चाललेला श्वास. वेळेत प्रालिडॉक्सिम दिले तर ते जखडलेले विकर काही प्रमाणात सोडवता येते. उशीर झाला की ती पकड पक्की होते आणि सुटत नाही. अशा रुग्णाच्या बाबतीत एकेक तास मोलाचा का, त्याचे उत्तर या रसायनशास्त्रात आहे.

केंब्रिजला जागेची अडचण होती. डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल कमलाबाईंना दिवसा वापरायला दिले आणि स्वतः रात्री काम केले. बंगळूरच्या अनुभवानंतर ही वागणूक त्यांना किती वेगळी वाटली असेल! रिक्टर आणि हेर्मान ब्लाश्को यांच्याबरोबर त्यांनी ज्या विकरावर काम केले ते अमाइन ऑक्सिडेज. मेरी हेअर यांनी ते 1928 मध्ये केंब्रिजमध्येच शोधले होते. ॲड्रेनॅलिनसारखी रसायने मोडीत काढण्याचे काम ते करते. या तिघांचा निबंध 1939 मध्ये बायोकेमिकल जर्नलमध्ये आला. तेव्हा या विकराचा मानसिक आजारांशी काही संबंध असेल हे कोणाच्या गावीही नव्हते. 1950 च्या दशकात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनायाझिड नावाचे औषध देताना डॉक्टरांना दिसले की हे रुग्ण फुफ्फुसे बरी होण्याआधीच आनंदी दिसू लागले आहेत. ते औषध अमाइन ऑक्सिडेजचे अवरोधक निघाले. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांचा वर्ग त्यातून जन्मला. आज पार्किन्सनच्या रुग्णाला दिली जाणारी सेलेजिलीन किंवा रासाजिलीनची गोळी याच विकराच्या एका प्रकाराला अडवते.

पण कमलाबाईंच्या पीएच.डी.चा मुख्य विषय निराळाच होता. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी बटाट्याच्या पेशी घेतल्या. प्राण्यांच्या पेशी ऑक्सिजन वापरताना शेवटच्या टप्प्यावर सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिने आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर वापरतात, हे तोवर माहीत झाले होते. वनस्पतींमध्येही तीच व्यवस्था आहे का, हा प्रश्न होता. हिल आणि भागवत यांनी ती सपुष्प वनस्पतींत आहे असे दाखवले आणि 1939 च्या नेचरमध्ये ते छापून आले. त्या काळी असे विकर ओळखण्याचे साधनही अवरोधकच असे. सायनाइड देताच थांबते का? कार्बन मोनॉक्साइडने थांबून प्रखर प्रकाशात पुन्हा सुरू होते का? सायनाइडने माणूस काही मिनिटांत दगावतो तो याच विकरावर घाव बसतो म्हणून. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरताच येत नाही. तळहातावरचा बटाटा आणि माणूस श्वासाच्या या शेवटच्या पायरीवर भाऊबंद आहेत, हे कळायला इतके काम लागले.

प्रबंध अवघ्या 40 पानांचा होता आणि केंब्रिजला येऊन जेमतेम दोन वर्षे होताहोताच तो पूर्ण झाला. ब्रिटिश विद्यापीठातून विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख होतो. पहिलेपणाच्या अशा नोंदी जपूनच घ्याव्यात, जानकी अम्माल यांनी 1931 मध्येच अमेरिकेत डॉक्टरेट घेतली होती. त्याने कमलाबाईंच्या कामाचे वजन मुळीच घटत नाही.

युरोपात युद्धाचे ढग जमत असताना, 1939 मध्ये त्या परतल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख, मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत. 1947 मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाले, ते विमाशास्त्रज्ञ होते. कमलाबाई मुंबईला आल्या आणि फोर्टमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तिथे पुन्हा कडधान्ये पुढे आली.

हा प्रश्न जुना होता. 1917 मध्ये अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांना कच्चे सोयाबीन खाऊ घातले तेव्हा उंदरांची वाढच होईना. तेच सोयाबीन शिजवून दिले की वाढ होई. प्रथिन तेच, प्रमाण तेच, मग फरक कुठला? 1940 च्या दशकात कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. अमेरिकेचे सोयाबीन उलगडू लागले होते. पण भारतीय माणूस तेव्हा सोयाबीन खात नव्हता. तो वाल खात होता, पावटा, तूर, मटकी, हरभरा, डबल बी खात होता. त्यात काय आहे, हे पाहायला केंब्रिज किंवा प्रिन्स्टनहून कोणी येणार नव्हते.

कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते काम हाती घेतले. आधी निरनिराळ्या भारतीय भाज्या आणि कडधान्ये घेऊन त्यांच्या अर्कात ट्रिप्सिनला अडवण्याची ताकद आहे का, हे पाहिले. तत्त्व सोपे आहे. दुधातले केसिन हे प्रथिन घ्यायचे, त्यात ट्रिप्सिन घालायचे आणि ठरावीक वेळात किती केसिन तुटले ते मोजायचे. मग तेच पुन्हा करायचे, या वेळी दाण्याचा अर्क मिसळून. तुटण्याचे प्रमाण जितके घटले तितका अवरोधक अर्कात आहे. पुढचे काम कष्टाचे. तो अर्क शुद्ध करत करत त्यातला अवरोधक एकटा, स्फटिकाच्या रूपात बाहेर काढायचा. त्या काळी स्फटिक मिळणे म्हणजे पदार्थ शुद्ध हाती लागला याची जवळजवळ खात्रीच. क्रोमॅटोग्राफीची आजची यंत्रे नव्हती. क्षार घालून प्रथिन खाली बसवायचे, गाळायचे, पुन्हा विरघळवायचे आणि थंडीत वाट बघायची. असे करत भारतीय पावटावर्गीय दाण्यातून आणि डबल बीमधून ट्रिप्सिनचे स्फटिकरूप अवरोधक मुंबईत मिळाले आणि 1955 च्या नेचरमध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले.

ट्रिप्सिन काय करते हे कळले की याचे महत्त्व कळते. ते आपल्या स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात तयार होते आणि लहान आतड्यात पोहोचल्यावर जागे होते. तिथे ते अन्नातली प्रथिने कापते, पण सरसकट नाही. लायसिन किंवा आर्जिनिन ही अमिनो आम्ले जिथे असतील तिथेच ते वार करते. इतर पाचक विकरांना जागे करण्याचे कामही त्याचेच. पावट्यातला अवरोधक नेमकी हीच सवय ओळखून बनलेला आहे. त्याच्या अंगावर पुढे आलेल्या एका टोकावर लायसिन किंवा आर्जिनिन असते. ट्रिप्सिन ते पाहून झडप घालते, पण तो तुकडा इतका घट्ट बसतो की कापणे पुरे होत नाही आणि सुटणेही होत नाही. अडकित्त्यात सुपारीऐवजी गारगोटी अडकावी तशी गत. पात्याला धार आहे, हाताला जोर आहे, पण अडकित्ता मिटतही नाही आणि उघडतही नाही. कडधान्यांत आणखी एक प्रकार सापडतो, त्याला दोन तोंडे असतात. एका तोंडाने तो ट्रिप्सिनला पकडतो, दुसऱ्याने कायमोट्रिप्सिनला.

प्रथिन न पचता वाया जाणे हा झाला एक तोटा. उंदरांत आणि कोंबडीच्या पिल्लांत त्याहून गमतीदार आणि काळजीचा दुसरा तोटा दिसला. आतड्यात ट्रिप्सिन कमी पडले आहे हे शरीराला कळते आणि ते स्वादुपिंडाला अधिक विकर सोडण्याचा हुकूम देते. स्वादुपिंड राबते, आकाराने वाढते. ही पाचक विकरे गंधकयुक्त अमिनो आम्लांनी समृद्ध असतात आणि डाळींत नेमकी हीच आम्ले तुटपुंजी. म्हणजे जे शरीरात आधीच कमी आहे, तेच आतड्यातून बाहेर वाहून जाते. माणसाच्या स्वादुपिंडावर असाच परिणाम होतो का, हे उंदरांइतके स्पष्ट नाही, आणि आपण कडधान्य शिजवून खात असल्यामुळे तो प्रश्न सहसा उद्भवतही नाही. पण ज्या मुलाच्या दिवसभराच्या जेवणात एक वाटी आमटी हेच काय ते प्रथिन आहे, त्याच्यासाठी त्या वाटीतले किती पचते याला फार मोल आहे. 1950 च्या दशकातल्या भारतात अशी मुले घरोघर होती.

इथेच शिजवण्याचे महत्त्व येते. अवरोधक स्वतः प्रथिन आहे. त्याची सारी करामत त्याच्या घडीत आहे, आणि ओल्या उष्णतेने ती घडी उलगडते. अंड्याचा बलक शिजून घट्ट होतो तसेच हे. घडी मोडली की ते टोक ट्रिप्सिनला फसवू शकत नाही, उलट ते इतर प्रथिनांसारखे पचून जाते. भिजवल्याने थोडा अवरोधक पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी ओतून देण्यात शहाणपण आहे. मोड आणल्यानेही तो कमी होतो, पण नाहीसा होत नाही. शेवटचे काम चुलीवरच होते. नुसते कोरडे भाजणे पाण्यात शिजवण्याइतके परिणामकारक नसते, आणि दोन तोंडांचा प्रकार त्याच्यातल्या गंधकाच्या अनेक बंधांमुळे उष्णतेला जरा जास्त तग धरतो. आधी भिजवून मग कुकरमध्ये नीट शिजवले की घरगुती हिशेबाने पुरेसे होते.

आपल्या भागात दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात सोयाबीन आता घरोघरच्या शेतात असते आणि पौष्टिक म्हणून ते गव्हात घालून दळण्याची पद्धत पडली आहे. कच्चे सोयाबीन दळून लहान मुलांच्या खिरीत किंवा अर्धवट भाजलेल्या भाकरीत गेले तर पौष्टिकतेचा हेतू बराचसा फुकट जातो. आधी ते उकडून, वाळवून मग दळावे. दुसरी गोष्ट कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची, ज्याला भौगोलिक मानांकन आहे. तो राजम्याच्या जातीतला. राजमावर्गात ट्रिप्सिन अवरोधकाबरोबर लेक्टिन नावाचे वेगळेच विष असते. ते विकराला अडवत नाही, आतड्याच्या पेशींनाच चिकटते. अर्धवट शिजलेल्या थोड्याशा राजम्यानेही काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. किमान पाच तास भिजवून, पाणी टाकून, दाणे खळखळ उकळायलाच हवेत. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात राजमा कोमट पाण्यात तासन्‌तास ठेवणे धोक्याचे असते. मुगात मात्र हे अवरोधक कमी असतात, आजाऱ्याला आपण मुगाचे कढण देतो ते उगाच नाही.

बियांत हे अवरोधक मुळात असतातच का? बी म्हणजे रोपाच्या बाळाची शिदोरी. किडीलाही ती हवी असते आणि अनेक किडींच्या आतड्यात ट्रिप्सिनसारखीच विकरे असतात. कीड दाणा खाते, पण तो पचत नाही. आपण चुलीचा शोध लावून त्या पहाऱ्याला चकवा दिला, किडीला ते जमले नाही. तरीही काही भुंगेऱ्यांनी वेगळी विकरे वापरून वाट काढलीच आहे, हे पावट्याचा डबा दोन महिन्यांनी उघडणाऱ्या कोणत्याही गृहिणीला सांगायला नको.

कमलाबाईंचे दुसरे गाजलेले काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताड किंवा शिंदीतून पहाटे काढलेला गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढले की त्यातल्या किण्वांची विकरे कामाला लागतात आणि नीरेची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावण्याची जुनी पद्धत ही विकरे मंदावण्याचीच युक्ती आहे, कारण आम्लता बदलली की विकरांचा वेग पडतो. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर बायांना तिचा फायदा होत असल्याचे त्यांनी दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला.

एवढे सगळे करूनही इन्स्टिट्यूटच्या संचालकपदासाठी त्यांना काही वर्षे वाट पाहावी लागली. अंतर्गत राजकारण आड आले, असे त्यांना ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. पद मिळाले तेव्हा केंब्रिजहून रिक्टर यांनी आनंद व्यक्त केला. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेची संचालक बाई होणे हा त्यांना इतिहासच वाटला. 1969 मध्ये कमलाबाई निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर त्या घरी बसल्या नाहीत. मुंबईतल्या काही बायकांनी 1966 मध्ये ग्राहकांच्या हितासाठी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली होती, त्यात त्या रमल्या. 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्या लिहीत. ज्या बाईने नेचरमध्ये लिहिले तिने बाजारहाट करणाऱ्या बाईसाठीही लिहावे, यात त्यांना काही विसंगती वाटली नसावी. त्यांच्या संशोधनाचा वाचक शेवटी तोच होता.

1998 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. दुर्गाबाई त्यानंतर चार वर्षांनी, मे 2002 मध्ये गेल्या.